डायल-अप कनेक्शनवर घरात वाय-फाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायल-अपवर वाय-फाय चालतं का मुळात?

चालतं. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. घरातली उपकरणं एकमेकांना विनावायर जोडणं एवढंच वाय-फायचं काम. बाहेरच्या जगाशी गाठ मॉडेम घालून देतो. मग तो मॉडेम फायबरचा असो, केबलचा असो, की टेलिफोनवर नंबर फिरवणारा असो. ही जोडी काही आजची नाही. ॲपलने १९९९ साली आणलेल्या पहिल्या एअरपोर्ट बेस स्टेशनमध्ये ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिटचा, मॉडेम आतच बसवलेला होता. एका बाजूला टेलिफोनची वायर खोचायची, दुसऱ्या बाजूने वाय-फाय सुरू.

आज अडचण होते ती दुसऱ्याच कारणाने. आजचे राउटर डायल करत नाहीत आणि आजचे फोन इंटरनेट मागायचे थांबत नाहीत. पहिल्यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्यावर तुम्हालाच लक्ष ठेवावं लागतं.

माझं कनेक्शन डायल-अपच आहे हे कशावरून ओळखायचं?

हे आधी बघून घ्या, कारण "डायल-अप" म्हणून विचारणाऱ्या बऱ्याच जणांकडे प्रत्यक्षात दुसरंच काहीतरी असतं. विंडोज तीन वेगवेगळ्या गोष्टी जवळजवळ सारख्याच खिडकीत दाखवतं: युजरनेम, पासवर्ड आणि "कनेक्ट"चं बटण.

त्या खिडकीत टेलिफोन नंबर लिहिलेला असेल, जोडताना मॉडेम पी-पी, खर्र-खर्र असा आवाज करत असेल आणि तेवढ्या वेळात लँडलाइन एंगेज लागत असेल, तर ते खरं डायल-अप. ही संपूर्ण माहिती तुमच्यासाठी आहे.

नंबराच्या जागी *९९# असेल, तर ती सिमकार्ड घातलेली यूएसबी डेटा स्टिक आहे. ती मोबाइल नेटवर्कवर चालते. "डायल" हा नुसता जुना शिष्टाचार. अशा वेळी तेच सिम मोबाइलमध्ये घालून हॉटस्पॉट चालू करा, विषय संपला.

आणि नंबरच नसेल, फक्त युजरनेम-पासवर्ड मागत असेल आणि कंप्युटरला जाड नेटवर्क केबल लावलेली असेल, तर ते पीपीपीओई. लोक त्यालाही "डायलर" म्हणतात, पण ते ब्रॉडबँड आहे. कोणताही साधा राउटर घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडा, तेच युजरनेम-पासवर्ड भरा. कंप्युटरवर पुन्हा कधी "कनेक्ट" दाबावं लागणार नाही.

वाय-फाय लावल्यावर स्पीड वाढेल का?

नाही. जुन्यात जुनं ८०२.११ बी वाय-फायसुद्धा सेकंदाला ११ मेगाबिटचं असतं, म्हणजे तुमच्या टेलिफोन लाइनच्या दोनशे पट. घराच्या दारापर्यंत आठपदरी रस्ता आणि पुढे पायवाट, असा हा मामला आहे. त्यामुळे महागडा राउटर घेऊन काही साधत नाही. अडगळीतला जुना राउटर, तो डब्ल्यूपीए२ या सुरक्षित पद्धतीचा पासवर्ड घेत असेल तर, या कामाला पुरेसा आहे.

मॉडेमवर ५६ के लिहिलंय, पण कनेक्ट होतो ४४ किंवा ४८ वर. बिघडलाय का?

नाही, हे अगदी नेहमीचं आहे. ५६ हा कागदावरचा आकडा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट मिळतात, म्हणजे ६४ किलोबिट. हा तिथला वरचा पत्रा. त्याला डोकं लागू नये म्हणून व्ही.९० या मानकाने ५६ ची मर्यादा घेतली, आणि प्रत्यक्षात तांब्याच्या वायरची लांबी, सांधे, लाइनवरची खरखर यांत आणखी कपात होते. अमेरिकेत तर सिग्नलच्या ताकदीवरच्या नियमामुळे ५३.३ च्या वर जायची परवानगीच नव्हती.

शिवाय हा वेग फक्त खाली उतरवण्याचा. वर पाठवताना व्ही.९० मध्ये जास्तीत जास्त ३३.६ किलोबिट मिळतात, त्यानंतरच्या व्ही.९२ मध्ये ४८. वर पाठवण्याचा हा आकडा लक्षात ठेवा. फोनवरचे फोटो नेमके याच वाटेने बाहेर पडू बघतात.

टेलिफोनची वायर थेट राउटरमध्ये खोचली तर?

खोचू नका. टेलिफोनचा छोटा आरजे-११ प्लग राउटरच्या मोठ्या आरजे-४५ सॉकेटमध्ये बसतो, आणि तिथेच घोटाळा होतो. बसतो म्हणजे चालतो असं नाही. लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात आणि रिंग येते तेव्हा साधारण ९० व्होल्ट एसी. नेटवर्क पोर्ट यासाठी बनवलेला नसतो. एखाद्या रिंगमध्ये कायमचा जाऊ शकतो.

पण माझ्या राउटरला टेलिफोनचं छोटं सॉकेट आहे!

मग तो डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्याच तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा, राउटर आहे. सॉकेट तेच, वायर तीच, पण तो नंबर फिरवू शकत नाही. त्याला एक्स्चेंजमध्ये पलीकडे डीएसएलचं यंत्र लागतं. तुमच्या लाइनवर डीएसएल मिळत असेल तर हे सगळं सोडून आधी ते घ्या.

मग नेमकं सामान काय लागतं?

डायल करणारा मॉडेम, बाहेरून जोडायचा यूएसबी मॉडेम असेल तर उत्तम. एक कंप्युटर, जो इंटरनेट वापरायचं असेल तेवढा वेळ चालू राहील. आणि वाय-फाय पसरवायला काहीतरी: त्याच कंप्युटरचं वाय-फाय कार्ड किंवा एक जुना राउटर आणि हातभर नेटवर्क केबल.

डायल-अप मॉडेम आतच असलेले वायरलेस राउटर एके काळी मिळायचे. काही व्यावसायिक राउटरना मुख्य लाइन गेली तर आपोआप डायल करण्यासाठी मॉडेमचा पोर्ट असतो. सेकंडहँड मिळाला तर कंप्युटर चालू ठेवायची गरज उरत नाही. मात्र सगळ्यात जुन्या पेट्या फक्त डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीचा पासवर्ड जाणतात आणि तो आज काही मिनिटांत फुटतो. शिवाय त्यांची सेटिंग करणारं सॉफ्टवेअर नव्या कंप्युटरवर उघडेल याची खात्री नाही. हौस असेल तर घ्या. काम करायचं असेल तर कंप्युटरचा रस्ता बरा.

विंडोजवर शेअरिंग कसं चालू करायचं?

आधी एका कंप्युटरवर डायल-अप नीट चालतंय ना, हे बघा. ते चालत नसताना वाय-फायच्या मागे लागलात तर दोष कुठे आहे तेच कळणार नाही.

कनेक्शन बनवताना "हे कनेक्शन इतरांनाही वापरू द्या" असा पर्याय येतो, तो टिक करा, आणि पासवर्ड साठवताना "हा कंप्युटर वापरणाऱ्या सर्वांसाठी" निवडा. एका युजरपुरतं बनवलेलं कनेक्शन शेअर करताना अडतं.

मग कंट्रोल पॅनेलमधली नेटवर्क कनेक्शन्सची यादी उघडा. डायल-अपच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब. वरची चौकट टिक करा, आणि खाली घरचं नेटवर्क म्हणून जिथे राउटर लावणार ते इथरनेट कार्ड निवडा. तिथेच "नेटवर्कवरच्या कुणी इंटरनेट मागितलं की आपोआप डायल कर" अशा अर्थाची दुसरी चौकट असते. ती तूर्त रिकामी ठेवा. कारण पुढे बिलाच्या प्रश्नात आहे.

शेअरिंगची ही सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. विंडोज १० आणि पुढे "मोबाइल हॉटस्पॉट" नावाची सोपी वाटही आहे. त्यातल्या यादीत तुमचं डायल-अप दिसलं तर राउटरशिवायच काम होतं. नाही दिसलं किंवा चालू होऊन लगेच बंद पडलं, तर त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही, वर दिलेल्या पद्धतीने जा.

एक खोड माहीत असू द्या: विंडोज १० मध्ये कंप्युटर रीस्टार्ट केल्यावर शेअरिंग कधीकधी मुकाट बंद पडतं. चौकटीवर टिक तशीच दिसते, पण काम होत नाही. टिक काढा, ओके करा, पुन्हा लावा.

राउटर कंप्युटरला कसा जोडायचा? "कनेक्टेड" दिसतं, पण इंटरनेट नाही.

इथे सर्वांत जास्त लोक अडकतात. राउटरला वाटतं, या घराचा कारभारी मी. उपकरणांना पत्ते (नेटवर्कवर त्यांना ओळखायचे आकडे) वाटायचं काम तोही करतो आणि शेअरिंग चालू केलेला कंप्युटरही करतो. फोन राउटरकडून पत्ता घेतो, राउटरला बाहेरचा रस्ता ठाऊक नसतो, आणि फोनवर वाय-फायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येतं.

म्हणून राउटरकडून कारभार काढून घ्यायचा. राउटरला केबलने कंप्युटर जोडा, ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडा आणि या क्रमानेच जा: आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ठरवा, मग राउटरचा स्वतःचा पत्ता बदला, आणि डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करणं अगदी शेवटी. ते आधी बंद केलंत तर कंप्युटरला पत्ता मिळेनासा होईल आणि तुम्हीच बाहेर राहाल.

पत्ता कोणता द्यायचा ते विंडोजवर अवलंबून आहे. शेअरिंग चालू केलं की एक्सपी स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतं. विंडोज ७ पासून तो १९२.१६८.१३७.१ झाला. राउटरला त्याच रांगेतला दुसरा द्या, म्हणजे १९२.१६८.०.२ किंवा १९२.१६८.१३७.२. तोच पत्ता दोघांना दिलात तर दोघंही बंद.

आता केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेल्या, वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही. तो रिकामाच राहणार आहे. तो रिकामा बघून घरातलं कुणीतरी मदत म्हणून केबल तिकडे हलवतं, तेव्हा त्यावर चिकटपट्टी लावून टाका. काही राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" नावाचं एकच बटण असतं. असेल तर वरचं सगळं ते स्वतः करतं.

लिनक्स किंवा मॅकवर?

लिनक्सवर उलट जास्त हुकमत मिळते: डायल करायला पीपीपीडी आणि डब्ल्यूव्हीडायल, पत्ते वाटायला डीएनएसमास्क, वाय-फायसाठी होस्टएपीडी. मॉडेम घेताना मात्र जपून. स्वस्तातले "विनमॉडेम" आपलं अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेतात, लिनक्सवर ते बहुधा नुसतेच पडून राहतात. मॅकमध्ये इंटरनेट शेअरिंगची सोय आहे. प्रश्न असतो तो यूएसबी मॉडेमला तुमच्या आवृत्तीचा ड्रायव्हर आहे का, एवढाच.

सगळं जमलं. पण घरातला फोन वाय-फायला जोडला की कंप्युटरवर साधं ईमेलही उघडत नाही.

खरा प्रश्न हाच आहे. फोनच्या दृष्टीने वाय-फाय म्हणजे फुकट आणि भरपूर. मोबाइल डेटावर तो हात आखडून वागतो. वाय-फाय दिसलं की दिवसभर साठवलेली कामं बाहेर काढतो. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, चॅटमधले व्हिडिओ. ज्या सेटिंगमध्ये "फक्त वाय-फायवर" असं लिहिलेलं असतं, त्या सगळ्या सेटिंग इथे तुमच्या विरोधात काम करतात.

हिशोब बघा. चांगल्या लाइनवर सेकंदाला साधारण ५ किलोबाइट उतरतात. १०० मेगाबाइटचा एक ॲप अपडेट म्हणजे साडेपाच तास, तेही दुसरं कुणी काही करत नसेल तर. ३ मेगाबाइटचा एक फोटो वर चढवायला बारा-तेरा मिनिटं. आणि वर जाणारी बाजू भरली की खाली येणारंही खोळंबतं, कारण प्रत्येक पानाच्या तुकड्यामागे "मिळाला" अशी पोच परत जावी लागते आणि ती फोटोंच्या रांगेत मागे उभी राहते. लोक मॉडेम बदलतात, लाइन तपासून घेतात. बघावं तर शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन लग्नाचे फोटो चढवत असतो.

उपाय प्रत्येक उपकरणावर करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या नावावर जाऊन ते "मीटर्ड", म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून नोंदवा. आयफोनमध्ये आयओएस १३ पासून त्याच जागी "लो डेटा मोड" आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर "मीटर्ड कनेक्शन" चालू करा, नाहीतर विंडोज अपडेट एकटाच लाइन गिळून बसेल. फोटो बॅकअप आणि ॲपचे आपोआप अपडेट सरळ बंद करा. फोनवर हे वाय-फाय "आपोआप जोडू नको" असं ठेवलंत तर निम्मा त्रास तिथेच संपतो: लागेल तेव्हा हाताने जोडायचं, काम झालं की सोडायचं.

टीव्ही, स्पीकर, कॅमेरा अशा वस्तूंना पासवर्डच देऊ नका.

आपोआप डायल होण्याची सोय का वापरायची नाही?

मिनिटावर बिल येत असेल तर ती सोय महागात पडते. शेअरिंग चालू असताना कुठलंही उपकरण कधीही इंटरनेट मागतं: घड्याळ जुळवायला, मेल तपासायला, "इंटरनेट आहे का" एवढंच बघायला. त्या प्रत्येक मागणीला कंप्युटर इमानदारीत नंबर फिरवतो. "अमुक मिनिटं वापर नसेल तर फोन ठेव" अशी सेटिंग असते, पण याच चुळबुळीमुळे वापर नाही अशी वेळच येत नाही आणि लाइन रात्रभर चालू राहते.

हाताने जोडा, हाताने तोडा. कुणाला इंटरनेट हवं तर त्याने उठून कंप्युटरपर्यंत जावं. बिल अमर्याद योजनेचं असेल तर वेगळी गोष्ट.

सेवादाराचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, नंबर स्थानिक कॉलमध्ये मोडतो ना, हेही एकदा पडताळा. डायल-अपच्या भरभराटीच्या काळात गुपचूप महागड्या नंबरला डायल करणारी "डायलर" सॉफ्टवेअर पसरली होती, लोकांना बिल आल्यावरच कळायचं.

किती जण एका वेळी वापरू शकतात?

जोडायला कितीही. वापरायला एक. दोघं नुसतं वाचत असतील तर दोन.

चालतं काय काय मग?

ईमेल उत्तम चालतं, पण ब्राउझरमधून नाही. मेल प्रोग्रॅम लावा आणि आधी फक्त शीर्षकं उतरवून घ्या. लिखित गप्पा चालतात. मजकुराची पानं चालतात, चित्रं बंद केली तर. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन या वेगाला चैन नसून गरज आहे. व्हिडिओ कॉल नाही. व्हिडिओ नाही. नुसत्या आवाजाचा कॉल एखाद वेळी जमेल, पण तुमच्याकडे टेलिफोनची लाइन असताना तो खटाटोप कशाला?

मॉडेममध्येच डेटा दाबून पाठवण्याची सोय असते, व्ही.४४ वगैरे. साध्या मजकुरावर तिचा पूर्वी फार फायदा व्हायचा. आज जवळजवळ सगळ्या साइट कूटबद्ध झाल्यात, आणि कूटबद्ध मजकूर दाबला जात नाही. तोच मॉडेम, तीच लाइन, आणि तरी पूर्वीपेक्षा हळू का वाटतं, याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं पानांच्या वाढलेल्या वजनात आहे.

इंटरनेट चालू असताना फोन आला तर?

करणाऱ्याला एंगेज लागेल. कॉल वेटिंग घेतलेलं असेल तर त्याची "बीप" मॉडेमच्या कानात पडते आणि लाइन तुटू शकते. डायल करताना नंबराच्या आधी कॉल वेटिंग बंद करण्याचा कोड लावता येतो. तो प्रत्येक टेलिफोन कंपनीचा वेगळा असतो, त्यांनाच विचारा. व्ही.९२ मॉडेम फोन घेताना इंटरनेट थांबवून ठेवू शकतो, पण सेवादारानेही ती सोय दिलेली असावी लागते.

लाइन सारखी तुटते.

आधी रिसीव्हर कानाला लावून ऐका. डायल टोनमागे खरखर असेल तर दोष वायरीत आहे. मॉडेम भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा. मधले स्प्लिटर, लांब एक्स्टेन्शन, जुनी फॅक्स मशीन काढून बघा. दुसऱ्या खोलीतल्या जोडफोनचा रिसीव्हर कुणी उचलला तरी लाइन तुटते. घरात तशी एक सूचना चिकटवलेली बरी.

विजा चमकत असतील तर टेलिफोनची वायर मॉडेममधून काढून ठेवा. लाइनवरून येणारा झटका मॉडेमपासून कंप्युटरपर्यंत जातो.

माझी लँडलाइन फायबरवरून येते. त्यावर मॉडेम चालेल?

भरवसा नाही. तिथे आवाजाचे तुकडे करून इंटरनेटच्याच पद्धतीने पाठवतात. कानाला न कळणारी गळती मॉडेमला सहन होत नाही. लागलाच तर फार कमी वेगाने लागेल. पण घरात फायबर आलंय, तर त्यावरून नंबर फिरवायचा कशाला? त्यावरच इंटरनेट मागा.

पासवर्ड ठेवायलाच हवा का? एवढं हळू नेट कोण चोरणार?

चोराला वेगाशी देणंघेणं नसतं. त्याने काही केलं तर नोंद तुमच्या टेलिफोन नंबरावर होते. शिवाय शेजारचा एक फोन जरी चुकून जोडला गेला तरी तुमची लाइन भरली. डब्ल्यूपीए२, लांब पासवर्ड.

एवढं करण्यापेक्षा दुसरं काही बरं नाही का?

मोबाइलचा थोडासा सिग्नल जरी घरात येत असेल, तरी बरं आहे. छतावर किंवा खिडकीत ठेवलेला मोबाइल राउटर वाईट दिवशीही बहुधा डायल-अपच्या पुढे असतो. जिथे सिग्नलच नाही, किंवा मुख्य लाइन गेल्यावर निदान ईमेल चालू राहावं एवढीच गरज आहे, तिथे हा खटाटोप करण्यासारखा आहे. सामान घेण्याआधी डायल करायचा नंबर अजून लागतो का, हे साध्या फोनवरून लावून बघा. एओएलसारख्या मोठ्या कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ ला आपलं डायल-अप बंद केलं.

दोन टेलिफोन लाइन आहेत. दोन्ही एकत्र करता येतील?

येतात, दोन मॉडेम लावून. सेवादाराने मल्टिलिंक पीपीपी ही दोन लाइन एक करण्याची सोय चालू ठेवलेली असावी लागते, आणि बिल दुप्पट.

मॉडेमचा तो आवाज बंद करता येतो का?

येतो. मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जास्तीच्या कमांडची एक चौकट असते, तिथे एटी, एम आणि शून्य ही अक्षरं सलग टाका, स्पीकर गप्प होतो. पण पहिले काही दिवस चालू राहू द्या. डायल टोनच आला नाही, समोर एंगेज आहे, माणसाने फोन उचललाय, किंवा खर्र-खर्र सुरू होऊन मध्येच पुन्हा पहिल्यापासून चाललंय, हे सगळं कानाने लगेच कळतं. स्क्रीनवरच्या ओळीवरून ते दर वेळी इतकं स्पष्ट होत नाही.